सुराणा मॅडमचा डाउट

शाळेची घंटा झाली की आम्ही सगळे शिक्षक खुर्च्या सरकवून उठायचो. सुराणा मॅडम आधी मनगटावरचं घड्याळ बघायच्या, मग भिंतीवरचं, आणि मग दारात जाऊन शिपायाला विचारायच्या, "आत्ता कशी वाजवली?"

"टाइम झाला मॅडम."

"कशावरून?"

तो बिचारा वर आभाळाकडे बघायचा.

मुलं त्यांच्या माघारी त्यांना 'कशावरून मॅडम' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. एकदा मला म्हणाल्या, "सर, मुलं मला काहीतरी नावानं हाक मारतात असं ऐकलंय." मी म्हटलं, "नाही हो मॅडम." तर लगेच, "कशावरून नाही?" मी हसलो आणि सापडलो.

मी त्या शाळेत चित्रकला शिकवायचो, त्या इंग्रजी. शहाद्यात मेन रोडला त्यांच्या भावाचं, अशोकशेठचं, कापडाचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. दुकानाच्या वरच्या मजल्यावर मॅडम एकट्या राहत. लग्न केलेलं नव्हतं. बघायला आलेल्या एका मुलाला त्यांनी "तुम्ही बी.कॉम. झालात, पण कशावरून?" असं विचारलं, अशी गोष्ट गावात सांगत. खरी-खोटी मला माहीत नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

उंच, सडपातळ बाई. कडक इस्त्रीची सुती साडी. पाणी गाळून प्यायचं हा त्यांच्या जैन घरचा नेम होता. मॅडम माणसांनाही गाळून घ्यायच्या. लग्नात जेवायला बसण्याआधी मांडवामागे जाऊन आचाऱ्याला विचारायच्या, "भाजीत बटाटा नाही ना?" तो "नाही" म्हणायचा. "झाकण काढ." झाकण निघायचं, मॅडम आत वाकून बघायच्या, आणि मगच पंगतीला यायच्या. कोणी पेढा दिला की "कशाबद्दल?" कोणी कौतुक केलं की त्या माणसापासून पुढचे काही दिवस जपून राहायच्या.

वर्गात मात्र त्यांचं एका शब्दाशी वैर होतं. मुलं हात वर करून म्हणायची, "मॅडम, आय हॅव अ डाउट."

"कसला डाउट? माझ्यावर?"

"नाही मॅडम, हे समजलं नाही."

"मग तो क्वेश्चन. डाउट म्हणजे मनात येतं की हे खरं नसावं. सांग, मी खोटं शिकवते?"

मूल रडकुंडीला यायचं. पण पुढच्या आयुष्यात ते कुठेही गेलं तरी तो शब्द चुकायचं नाही.

एकदा शाळेतला प्रोजेक्टर नाहीसा झाला. कपाटाला कुलूप होतं, किल्ली पाडवी नावाच्या शिपायाकडे होती. पाडवी मोलगीकडचा, डोंगरातला माणूस. घरी पावरी बोलायचा, शाळेत फारसं काहीच बोलायचा नाही. त्याच्या न बोलण्याचाच सगळ्यांनी अर्थ लावला. हेडमास्तरांनी संस्थेला पाठवायचं इंग्रजी पत्र तयार केलं आणि भाषा तपासायला मॅडमपुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं, 'वुई डाउट दॅट पाडवी हॅज टेकन द प्रोजेक्टर.'

मॅडमनी वाचलं आणि खाली सही केली.

"चूक नाही काही?" हेडमास्तरांनी विचारलं.

"एकही नाही. तुम्ही लिहिलंय की पाडवीनं प्रोजेक्टर घेतला असेल असं आम्हाला वाटत नाही. मलाही वाटत नाही."

हेडमास्तर चक्रावले. "अहो, आम्हाला उलट म्हणायचंय."

"मग सस्पेक्ट लिहा. पण मग माझी सही खोडा. 'असेल' असं म्हणायला काहीतरी हातात लागतं. किल्ली त्याच्याकडे होती, एवढंच आहे."

पत्र पुन्हा लिहिलं गेलं नाही. प्रोजेक्टरही सापडला नाही. पाडवी नोकरीत राहिला आणि अर्धी शाळा शेवटपर्यंत त्याच्याकडे तिरकं बघत राहिली. मी एकदा मॅडमना म्हटलं, "तुम्ही वाचवलंत त्याला." त्या म्हणाल्या, "वाचवलं कसलं? घेतलाही असेल त्यानं. मी काय बघायला होते?"

निवृत्तीनंतर त्या दुकानाच्या वर बसून दिवसभर काय करणार, ही काळजी अशोकशेठना होती. पुण्याच्या भाचीनं, रुचितानं, त्यांना लॅपटॉप आणून दिला आणि इंटरनेटवरून इंग्रजी शिकवायच्या एका वर्गात त्यांचं नाव घातलं. कोण शिकणार, ते त्या वर्गाच्या लोकांनी ठरवायचं. मॅडमच्या वाट्याला चीनचे विद्यार्थी आले. सगळी मोठी माणसं. एक नर्स, एक निवृत्त मास्तर, दोघं-तिघं नोकरी करणारे, आणि मेई नावाची एक तिशीतली बाई. त्यांची संध्याकाळ व्हायची तेव्हा आपली दुपार. खाली दुकानात गिऱ्हाईक कमी असायचं आणि वरून मॅडमचा आवाज जिन्यातून ऐकू यायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी नावांवरून घोळ घातला. शिकणाऱ्यांनी इंग्रजी नावं घेतली होती. ग्रेस, टोनी, समर. मॅडम म्हणाल्या, "ही तुमची खरी नावं नाहीत. खरी सांगा." खरी नावं सांगायला एकेकानं आठवडा घेतला. मेईचं 'ग्रेस' गेलं आणि 'मेई' आलं, ते असं.

वर्षभर बरं चाललं. मग सरहद्दीवर काही झालं की टीव्हीवर चर्चा सुरू व्हायच्या, तशा सुरू झाल्या. बाजारात बोलणं व्हायला लागलं. पानाच्या टपरीवर मला एकानं अडवलं, "सर, ती बाई चिन्यासंगे काय बोलस रोज?"

"इंग्रजी शिकवतात."

"चिन्यासले इंग्रजी शिकाले आपलं शहादंच सापडनं का?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही पडला होता.

अशोकशेठ दुकानात कमी बोलायला लागले. दोन-तीन जुनी घरं लग्नाचा बस्ता दुसरीकडे बांधायला गेली होती. एकदा मी साडीचा फॉल घ्यायला गेलो तर मला म्हणाले, "सर, तुमचं ऐकतात त्या. जीजीला सांगा ना, बंद करा म्हणावं." मी वर गेलो, पाणी प्यायलो आणि काहीही न बोलता खाली आलो.

मग कोणीतरी अर्ज दिला. पोलीस स्टेशनातून हवालदार सोनवणे आले, बरोबर गणवेशातला एक शिपाई. मॅडमनी मला फोन केला. "सर, साक्षीला या." मी पोचलो तेव्हा मॅडम लॅपटॉपपुढे बसल्या होत्या. वर्गाची वेळ झाली होती. सोनवणे दाराशी उभे होते.

"मॅडम, तुमच्याबद्दल तक्रार आहे," ते म्हणाले. "नुसती चौकशी करायची आहे. तुमच्यावर थोडा संशय..."

"कशावरून?"

सोनवणे बाहेरगावचे, रनाळ्याचे. त्यांना या प्रश्नाची ख्याती माहीत नव्हती. ते म्हणाले, "कशावरून म्हणजे... अर्जावरून."

"बसा. मी काय शिकवते ते बघा आणि मग लिहा. शिपायालाही बसवा."

आम्ही तिघं मागच्या दिवाणावर बसलो. पडद्यावर एकेक चेहरा उघडला. मॅडमनी त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, आज डाउट आणि सस्पेक्ट. प्रत्येकानं एकेक वाक्य करा.

नर्सनं वाक्य केलं, 'माझा शेजारी माझी भाजी चोरतो असा मला डाउट आहे.'

"म्हणजे तुझा शेजारी सज्जन आहे," मॅडम म्हणाल्या.

"नो, नो, टीचर! चोर आहे!"

मग त्यांनी शेजारच्या लहानशा फळ्यावर दोन रकाने काढले. डाउटखाली लिहिलं, मला वाटतं नसावं. सस्पेक्टखाली, मला वाटतं असावं. निवृत्त मास्तर म्हणाले, आमच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे, 'ह्वाय-ई', म्हणून आमचा गोंधळ होतो. मॅडम म्हणाल्या, आमच्याकडेही तसंच. शंका म्हटलं की तो येईल याची शंका, आणि त्यानंच नेलं अशीही शंका. ऐकणाऱ्यानं तोंडाकडे बघून ओळखायचं.

मग त्या वळल्या आणि सोनवण्यांकडे बोट करून त्यांनी दोन वाक्यं लिहिली. मिस्टर सोनवणे मी हेर आहे असं सस्पेक्ट करतात. मिस्टर सोनवणे मी शिक्षिका आहे याबद्दल डाउट करतात. "समजलं? दोन्ही वाक्यांत ते एकच गोष्ट म्हणतायत."

सोनवणे अवघडून हसले. उठताना मला हळूच म्हणाले, "बाई मास्तरीनच शे. पन काय कडक शे हो." त्यांनी काय लिहिलं माहीत नाही. पुन्हा कोणी आलं नाही.

पण नुकसान दुसरीकडूनच झालं. दिवाणावर बसलेला गणवेशातला माणूस पडद्यात दिसला होता. टीचरच्या घरात पोलीस. दुसऱ्या दिवशी दोघं आले नाहीत. नर्स आठवडाभर आली आणि मग तिनं, घरचे नको म्हणतात, असं कळवलं. निवृत्त मास्तर न कळवताच गेले. मॅडम रोज वेळेवर लॅपटॉप उघडून बसायच्या. शेवटी एकटी मेई उरली.

मेई राहिली, म्हणून मॅडमना तिचा संशय यायला लागला.

एके दिवशी त्या माझ्या घरी आल्या. बसल्या नाहीत. "सर, सगळी गेली आणि ही का थांबली? आणि हिचे प्रश्न ऐका. तुमच्या गावाला नदी आहे का? नदीवर पूल आहे का? खांब किती? पुरात पाणी कुठवर चढतं? हिला आपल्या पुलाचं काय करायचंय?"

मलाही ते खटकलं. मी म्हटलं, "मॅडम, जपून राहा."

"राहिले ना. खोटं सांगितलं." त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानच होता. "म्हटलं, नदी आहे, पण पूलबील काही नाही. आम्ही नावेनं जातो. नावाडी आहे, दोर आहे, पावसाळ्यात नाव बंद असते. पावसाळ्यात शाळेत जायचं म्हणजे जीव मुठीत धरून जायचं, असंही सांगितलं."

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं असतं तसं ते भरगच्च होतं. पुढे पुढे मॅडम त्यात रोज भर घालू लागल्या. मेई विचारत राहिली, मॅडम नाव वल्हवत राहिल्या. शहाद्याहून अर्ध्या तासावर सारंगखेड्याला तापीवर चांगला लांबलचक पूल आहे. त्यावरून रोज ट्रक जातात, एसट्या जातात, घोड्यांच्या यात्रेला अख्खा जिल्हा जातो. मेईच्या मनात तिथे एक दोर आणि एक डुगडुगणारी नाव.

मग मेई काही दिवस वर्गाला आली नाही. आणि एका सकाळी मॅडम माझ्याकडे आल्या. हातात मोबाइल होता.

"हे बघा. तुम्ही चित्रकलेचे. मला सांगा, हा हात कोणाचा आहे?"

पेन्सिलनं काढलेल्या एका चित्राचा फोटो होता. नदी, आणि नदीवर पूल. खांब एकेक करून काढलेले, जाडजूड. पुलावर साडी नेसलेली, छत्री घेतलेली एक उंच बाई चाललेली. खाली काठाला एक रिकामी नाव बांधलेली. कोपऱ्यात चिनी अक्षरं.

"मेईनं पाठवलंय," मॅडम म्हणाल्या. "म्हणते, तिच्या वडिलांनी काढलं. ते पुलांच्या कामावर होते, जन्मभर. दोन वर्षं अंथरुणावर होते. ती रोज वर्ग झाला की त्यांना माझ्या गावाबद्दल सांगायची. ते तिला प्रश्न द्यायचे, ती मला विचारायची. नावेचं ऐकल्यापासून म्हणे त्यांना चैन पडेना. पुरात टीचर कशी जाईल, म्हणायचे. म्हणून हे काढलं. टीचरच्या नदीसाठी, असं लिहिलंय कोपऱ्यात." त्या थांबल्या. "मागच्या आठवड्यात गेले ते. त्यांच्यातही वडिलांना बाबाच म्हणतात, सर."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांचा आवाज बदलला. "पण कशावरून? कशावरून म्हाताऱ्यानं काढलं? दुसऱ्या कोणाकडून काढून घेतलं असेल. मला विरघळवायला."

मी चित्र मोठं करून पाहिलं. चाळीस वर्षं मी मुलांच्या रेघा तपासल्या होत्या. "मॅडम, रेघ थरथरतेय. साडीच्या निऱ्या बघा, छत्री बघा. हात हलतोय या माणसाचा. आणि खांब बघा, तिथे नाही हलला. परत परत गिरवलेत, ठरवून."

"म्हणून म्हाताराच कशावरून?"

"मॅडम," मी म्हटलं, "आता पुरे."

असं मी त्यांना कधी बोललो नव्हतो. त्या खुर्चीवर बसल्या. माझ्या बायकोनं पाणी आणून दिलं, ते त्यांनी न गाळता प्यायलं. मोबाइलवरचं चित्र पुन्हा समोर धरलं. मग म्हणाल्या, "तो माणूस माझी काळजी करत गेला, सर. मी बुडेन म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेईला खरं सांगितलं. मी तिथे नव्हतो. पण त्यांनीच मला सगळं सांगितलं, शाळेत अहवाल वाचायच्या तसं. नाव नाही, नावाडी नाही, दोर नाही, पूल आहे, जुना आहे, मी तुला खोटं सांगितलं, कारण मला तू सरकारी माणूस वाटलीस.

"मग ती काय म्हणाली?"

"पडदा बंद झाला."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मॅडम ठरल्या वेळी लॅपटॉप उघडत आणि समोर कोणी नसताना तासभर बसून राहत. अशोकशेठ खालून आवाज देत, "जीजी, चहा?" वर नेलेला चहा तसाच गार होई. एकदा ते मला दुकानाबाहेर गाठून म्हणाले, "सर, मीच बंद करा म्हणत होतो. आता बंद झालं तर बघवत नाही." रुचितानं फोनवर सांगितलं, आत्या, दुसरे विद्यार्थी मिळतील. मॅडम म्हणाल्या, नकोत.

आणि मग एका दुपारी मी अशोकशेठकडे बसलेलो असताना वरून मोठ्यानं हसणं ऐकू आलं. इतक्या वर्षांत मॅडमना असं हसताना मी ऐकलं नव्हतं. जिना चढून गेलो तर मॅडम डोळे पुसत होत्या आणि पडद्यावर परत आलेली मेई, गोल चेहऱ्याची, तीही हसते की रडते ते कळत नव्हतं.

"या सर, या. हिला विचारा, हिचं गाव कुठलं. वर्षभर जे सांगत होती ते नव्हेच! हिची मावशी म्हणाली होती, त्या इंडियन टीचरला खरं काही सांगू नकोस, कोण आहे कोणास ठाऊक. नोकरीही खोटी सांगितली होती!"

"आणि वडील?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मॅडम गंभीर झाल्या. "ते खरे," म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

मेईनं एकच मागितलं. बाबांनी जी नदी डोळ्यापुढे आणली होती, ती तिला एकदा खरीखुरी बघायची होती.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत मॅडमचे गुडघे अगदीच गेले. जिना चढवेना. रुचिता त्यांना पुण्याला घेऊन गेली आणि तिथेच त्या वारल्या. मला जाता आलं नाही. त्यामुळे माझ्यापाशी त्यांचं शेवटचं दर्शन राहिलंय ते सारंगखेड्याच्या पुलावरचं.

पावसाळा सरत आला होता. माझ्या गाडीनं आम्ही गेलो. रस्ताभर केळीचे बाग आणि चिखल. पुलाच्या तोंडाशी मी गाडी कडेला घेतली. मॅडम उतरल्या आणि कठडा धरून एकेक पाऊल टाकत आत गेल्या. मोबाइल हात लांब करून धरलेला. तापी गढूळ, भरून चाललेली. ट्रक गेला की पूल पायाखाली थरथरायचा. मॅडम सावकाश इंग्रजीत सांगत होत्या, हे पाणी. ती वाळू. ती पलीकडची गव्हाची शेतं, म्हणजे आत्ता गहू नाही, पण पेरतील. मी खरं सांगते आहे. पलीकडून मेईचा आवाज अधूनमधून यायचा.

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक जण आला आणि थांबला. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल. मॅडमकडे बघत त्यानं मला विचारलं, "कोठेन उनात? पुलनी शूटिंग कसाले करी ऱ्हायनात?"

कुठून आलो, पुलाचं शूटिंग कशाला, याला मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होतो. मॅडमनी मागे वळून स्वच्छ सांगितलं, "चीनमध्ये दाखवतेय. माझी विद्यार्थिनी आहे तिकडे."

त्याचा चेहरा उतरला. एक पाऊल मागे सरला. मोबाइलात डोकावला, मेईनं हात हलवला तसा दचकून मान काढून घेतली. मग माझ्या गाडीकडे गेला आणि स्वतःचा मोबाइल काढून नंबर प्लेटचा फोटो घेऊ लागला. प्लेट चिखलानं भरलेली होती. अर्धे आकडे दिसत नव्हते. तो वाकून, डोळे बारीक करून बघत होता.

माझ्या मनात आलं, निघावं इथून. पण मॅडम फोन माझ्या हातात देऊन गाडीकडे परत निघाल्या. लंगडत, कठडा सोडून. गाडीपाशी गुडघ्यावर हात ठेवून कशाबशा वाकल्या आणि रुमालानं प्लेटवरचा चिखल पुसून काढला, एकेक आकडा स्पष्ट दिसेपर्यंत.

"आता घे भाऊ," त्याला म्हणाल्या. "नीट येऊ दे. आणि माझाही घे. विमल सुराणा, मेन रोड, शहादा. लिहून ठेव."

त्यानं घेतला. मॅडम फोटोला उभं राहावं तशा ताठ उभ्या राहिल्या. मग चिखलाचा रुमाल घडी करून त्यांनी कमरेला खोचला, माझ्याकडून फोन घेतला आणि पुन्हा कठड्याकडे चालू लागल्या.

"यस, मेई," त्या म्हणाल्या. "आता खांब. हा पहिला."